झाकलेल्या डब्यात शिकलेले उड्डाण
अमेरिकेत बिंगहॅम्टनला एडविन लिंकच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गनचा कारखाना होता. विमान चालवायला शिकणे तेव्हा खिशाला परवडत नसे. १९२९ साली एडविनने ऑर्गनच्याच भात्यांवर विमानाची बुटकी प्रतिकृती बसवली. दांडा हलवला की ती डोले, कले, गरगर फिरे. वैमानिक घडवायला केलेले हे यंत्र सुरुवातीला विकले गेले ते करमणुकीच्या बागांना!

१९३४ मध्ये हवाई टपालाचे काम अचानक लष्कराच्या अंगावर पडले. ऐन हिवाळा, त्यात धुके आणि रात्रीची उड्डाणे. अपघातांमागून अपघात झाले, वैमानिकांचे जीव गेले. मग लष्कराने एडविनची अशी सहा यंत्रे, म्हणजे ‘लिंक ट्रेनर’, विकत घेतली.

या यंत्राच्या डब्याचे झाकण बंद झाले की शिकाऊ वैमानिकापुढे उरत फक्त उपकरणांच्या तबकड्या. ढगात शिरल्यावर स्वतःच्या शरीराचा अंदाज दगा देतो, तेव्हा विश्वास ठेवायचा तो यांवरच. बाहेर शिक्षकाच्या टेबलावर तीन चाकांचे छोटेसे यंत्र नकाशावर शाईची रेघ ओढत जाई. वाट नेमकी कुठे चुकली, ते शिकणाऱ्याला डब्यातून उतरल्यावर कागदावर दिसे. तीच चूक पुन्हा करून पाहायची, जिवाला धोका न होता सुधारायची. अशाने कोणती तबकडी केव्हा पाहायची हे अंगवळणी पडे. दुसऱ्या महायुद्धात पाच लाखांहून अधिक वैमानिकांनी असा सराव केला.

पुढे डब्याची जागा आभासी दृश्याने घेतली. १९६८ मध्ये संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलंड यांनी असे दृश्य दाखवणारा, डोक्यावर चढवायचा पडदा, म्हणजेच हेडसेट, बनवला. यंत्रणा इतकी जड की ती छताला टांगावी लागे. १९९३ मध्ये हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीआधी नासाने जमिनीवरच्या पथकातल्या शंभरावर लोकांकडून दुरुस्तीचे टप्पे आभासी दुर्बिणीपाशी गिरवून घेतले. २०१८ मध्ये वॉलमार्टने दुकानांतल्या कर्मचाऱ्यांच्या सरावासाठी १७ हजार हेडसेट पाठवायचे ठरवले.

अशा सरावाने खरेच जास्त लक्षात राहते का? मेरीलँड विद्यापीठात अमिताभ वार्ष्णेय आणि सहकाऱ्यांनी ४० जणांना आभासी राजवाडा आणि मध्ययुगीन नगर दाखवले; जागोजागी प्रसिद्ध माणसांचे चेहरे लावले होते. प्रत्येकाने एक जागा हेडसेटमधून पाहिली, दुसरी संगणकाच्या पडद्यावर. दोन मिनिटांच्या विश्रांतीनंतर कोणता चेहरा कुठे होता, ते विचारले. हेडसेटमधून पाहिलेल्या जागेची उत्तरे ८.८ टक्क्यांनी अधिक अचूक निघाली. दोघे वगळता सर्वांनी अशा अभ्यासासाठी हेडसेटलाच पसंती दिली.