लाकडी मजल्याच्या कड्यांमधून वायर आणि पाइप कसे न्यायचे? भोक कुठे, खाच कुठे आणि किती?

ब्रिटन, अमेरिका, कॅनडा इथल्या बहुतेक घरांचे वरचे मजले लाकडी असतात. आपल्याकडच्या फ्लॅटसारखा तिथे काँक्रीटचा स्लॅब नसतो. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ओळीने लाकडी कड्या टाकलेल्या असतात आणि त्यांच्यावर फळ्या ठोकलेल्या असतात. या कडीला इंग्रजीत जॉइस्ट म्हणतात. वायर किंवा पाइप आडवा न्यायचा झाला की या कड्या मध्ये येतात, आणि मग कोणीतरी करवत काढतो.

इंग्लंडमध्ये घेतलेल्या माझ्या जुन्या घरात हेच झालं होतं. वरच्या खोलीत चाललं की खालच्या कपाटातली भांडी वाजायची. फळ्या उचलल्या तेव्हा कारण समजलं. हीटिंगचे पाइप नेण्यासाठी कोणीतरी 200 मिमी उंचीच्या कडीला अगदी मधोमध 60 मिमी खोल खाच मारली होती, तीही एकापाठोपाठ एक चार कड्यांना. दुरुस्तीचा खर्च मूळ पाइपच्या कामाच्या कितीतरी पट झाला. म्हणून हे नियम नीट समजून घ्यायला हवेत.

कडी काम कशी करते?

कडीवर वजन आलं की ती किंचित वाकते. तेव्हा तिची वरची कड दाबली जाते आणि खालची कड ताणली जाते. बरोबर मध्यावर जवळजवळ ना दाब असतो, ना ताण. म्हणजे वरच्या आणि खालच्या कडेचं लाकूड सगळ्यात जास्त काम करतं आणि मधलं सगळ्यात कमी.

आयताकृती कडीची वाकण्याविरुद्धची ताकद तिच्या उंचीच्या वर्गावर अवलंबून असते. 200 मिमीच्या कडीचं उदाहरण घेऊ:

- वरून 50 मिमी खोल खाच मारली तर उरते 150 मिमी उंची. त्या जागी ताकद उरते सुमारे 56 टक्के.
- तेच 50 मिमीचं भोक बरोबर मध्यावर पाडलं तर ताकद कमी होते जेमतेम दीड टक्का.

माझ्या घरातल्या 60 मिमीच्या खाचेने कडीची निम्मी ताकद खाल्ली होती. शिवाय खाचेच्या कोपऱ्यातून लाकूड चिरत जातं, तो धोका वेगळा. म्हणून पहिला नियम: जमेल तिथे भोक पाडा, खाच टाळा.

जागा इतकी महत्त्वाची का?

दोन आधारांमधल्या अंतराला आपण गाळा म्हणू. गाळ्याच्या मधोमध कडी सगळ्यात जास्त वाकते, म्हणून तिथे खाच नको. आधाराजवळ वाकणं कमी, पण कातरणारा जोर जास्त असतो. तिथे मधलं लाकूडही कामाला लागतं, म्हणून आधाराला लागून भोक नको. ब्रिटनचे नियम याच दोन गोष्टींवर उभे आहेत.

ब्रिटनमधला नियम (250 मिमीपर्यंत उंचीच्या अखंड लाकडी कडीसाठी)

- भोक: व्यास कडीच्या उंचीच्या पावपटीपेक्षा जास्त नको. उंचीच्या मध्यरेषेवरच पाडायचं. जागा: आधारापासून गाळ्याच्या 0.25 ते 0.4 पट अंतरात.
- दोन भोकांमध्ये केंद्रापासून केंद्रापर्यंत किमान व्यासाच्या तिप्पट अंतर.
- खाच: खोली उंचीच्या एक अष्टमांशापेक्षा जास्त नको. जागा: आधारापासून गाळ्याच्या 0.07 ते 0.25 पट अंतरात.
- भोक आणि खाच यांच्यात आडवं किमान 100 मिमी अंतर.

हिशेब करून पाहू. गाळा 3.6 मीटर, कडीची उंची 200 मिमी. भोक जास्तीत जास्त 50 मिमीचं, कुठल्याही आधारापासून 900 ते 1440 मिमी अंतरात. खाच जास्तीत जास्त 25 मिमी खोल, आधारापासून 252 ते 900 मिमी अंतरात. मधला भाग मोकळाच सोडायचा. टेपने मोजा आणि आधी पेन्सिलीने खुणा करा.

अमेरिकेतला नियम

तिथल्या निवासी बांधकाम संहितेनुसार अखंड लाकडाच्या कडीत भोक उंचीच्या एक तृतीयांशापर्यंत चालतं. पण वरची कड, खालची कड आणि शेजारचं भोक या तिन्हींपासून ते किमान 2 इंच दूर हवं. खाच उंचीच्या एक षष्ठांशापेक्षा खोल आणि एक तृतीयांशापेक्षा लांब नको, आणि गाळ्याच्या मधल्या तिसऱ्या भागात तर अजिबात नको. दोन देशांचे आकडे वेगळे आहेत. ज्या देशात घर, त्या देशाचा नियम पाळा.

वायर नेताना

इथे धोका खिळ्याचा. उद्या कोणी फळी ठोकताना खिळा थेट वायरमध्ये घालू शकतो. ब्रिटनच्या वायरिंग नियमात कडीच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून वायर किमान 50 मिमी आत ठेवायला सांगितलं आहे. 200 मिमीच्या कडीत मध्यरेषेवर भोक पाडलं की हे आपोआप साधतं. अमेरिकेत भोकाची कड लाकडाच्या कडेपासून सव्वा इंचापेक्षा जवळ आली तर पोलादी पट्टी लावावी लागते. वायर खाचेतून नेऊच नका.

पाइप नेताना

तांब्याचा सरळ पाइप कड्यांमधल्या छोट्या जागेत वाकवून भोकातून ओवता येत नाही, म्हणून प्लंबर खाच मारतात. प्लास्टिकचा लवचीक पाइप भोकातून सहज जातो, त्यामुळे नवीन कामात तोच सोयीचा. गरम पाण्याचा पाइप प्रसरण पावतो. भोक अगदी घट्ट असेल तर रात्री टकटक आवाज येतो, म्हणून थोडी फट ठेवा. खाच मारावीच लागली तर वरून धातूची पट्टी लावा आणि फळीवर "खाली पाइप" असं लिहून ठेवा.

संडासाचा 110 मिमीचा पाइप कड्यांना आडवा न्यायचा विचारही करू नका. तो कड्यांना समांतर, दोन कड्यांच्या मधून न्या. सांडपाण्याच्या छोट्या पाइपलाही उतार लागतो, त्यामुळे दर कडीला भोक मध्यरेषेवरून खाली सरकत जातं. म्हणून संडास-बाथरूमची जागा ठरवतानाच कड्यांची दिशा बघा.

कुठे हात लावायचा नाही?

इंग्रजी आय अक्षराच्या आकाराच्या तयार कड्यांची वरची-खालची पट्टी कधीही कापू नका. भोक कुठे चालेल ते कंपनीच्या तक्त्यात दिलेलं असतं. लाकडी ट्रसचा कुठलाच भाग कापायचा नाही.

आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत आणि मुंबईच्या जुन्या चाळींत कडीपाटाचे मजले आहेत. तिथे वरचे आकडे लावू नका. लाकूड जुनं असतं, आतून वाळवीने पोखरलेलं असू शकतं. अशा ठिकाणी लाकूड न कापता कडीच्या बाजूने केसिंग-कॅपिंग करून वायर नेणं बरं. आणि काँक्रीटचा बीम असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय भोक नाहीच.

आधीच चुकीची खाच असेल तर?

लाकडाचा तुकडा खाचेत भरून ताकद परत येत नाही. साधारणपणे कडीला चिकटून तितक्याच उंचीची दुसरी कडी बोल्टने जोडतात. तिची लांबी, बोल्ट किती आणि कुठे, हे इंजिनिअरकडून ठरवून घ्या. माझ्या चारही कड्यांना हेच केलं आणि भांडी वाजायची थांबली.

ड्रिल हातात घेण्याआधी

1. मेन स्विच बंद करा. खाली जुनी वायर किंवा पाइप आहे का ते पाहा.
2. गाळा आणि कडीची उंची मोजा, मर्यादा कागदावर लिहा.
3. धारदार बिट वापरा. जागा कमी असेल तर काटकोनी ड्रिल घ्या, म्हणजे भोक तिरकं जाणार नाही.
4. फळी परत बसवण्याआधी फोटो काढून ठेवा. पुढच्या माणसाला उपयोगी पडेल.