अडीच हजारांची देणगी

संस्थानिकांचे औदार्य आपण राजवाड्यांवरून व विद्यालयांवरून मोजतो. किरकोळ रकमांकडे इतिहासकाराचे लक्ष क्वचितच जाते. १९१३ साली बडोदे सरकारने डॉ. आंबेडकरांस अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, तीत दहा वर्षे नोकरीची अट होती. त्याप्रमाणे १९१७ मध्ये ते बडोद्यास रुजू झाले. परगावी बिऱ्हाड शोधण्याचा त्रास आपणां नोकरदारांस ठाऊक आहे. त्यांना मात्र जातीमुळे ते मिळेचना, आणि पारशी विश्रामगृहातूनही हुसकावण्यात आले. महाराजांचा हुकूम शहराच्या उंबरठ्यापर्यंतच चालला!

पुढे कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी अडीच हजार रुपये दिले, आणि ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ हे पाक्षिक निघाले. आंबेडकर तेव्हा सरकारी कॉलेजात प्राध्यापक; म्हणून संपादकाच्या जागी पांडुरंग नंदराम भटकरांचे नाव. पैसे देऊ केले असताही ‘केसरी’ने त्याची जाहिरात घेतली नाही. मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत छत्रपती स्वतः आले.

परंतु एका देणगीने पत्र निघते, चालत नाही. आंबेडकर त्याच वर्षी लंडनला गेले व १९२३ मध्ये ‘मूकनायक’ बंद पडले. १९२७ च्या एप्रिलात ‘बहिष्कृत भारत’ निघाले, तेव्हा शाहू महाराजांस जाऊन पाच वर्षे होत आली होती.