इंधनाचा हिशेब आणि जुन्नरचा डोंगर

सह्याद्रीचा जो भाग जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांत पसरला आहे, त्याला वाहतुकीचा इतिहास नवा नाहीं. सातवाहनांच्या काळीं नाणेघाटांतून मालानें लादलेलीं जनावरें कोंकणांत उतरत. कोणतें जनावर किती ओझें वाहील आणि त्याकरितां किती चारा खाईल, हा अशा व्यापाराचा मूळ हिशेब. आज त्याच डोंगरांवरून विमानें जातात. चाऱ्याच्या जागीं इंधन आलें, पण हिशेब तोच राहिला. मात्र त्या हिशेबाच्या बाहेर काय राहून जातें, हें याच डोंगरांत एका रात्रीं फार मोठी किंमत देऊन शिकावें लागलें.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा हे पस मॉथ नांवाचें एका इंजिनाचें लहानसें विमान घेऊन टपालासह कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस आले. अहमदाबादेस त्या विमानाचें पेट्रोल डब्यांत भरून बैलगाडीनें आणिलें होतें. त्याच दशकांत, १९३६ सालीं, अमेरिकेंत डग्लस कंपनीचें डीसी-३ विमान सेवेंत आलें. त्यांत २१ उतारू बसत, आणि टपालाच्या उत्पन्नावांचून केवळ उतारूंच्या भाड्यावर नफा देणारें पहिलें विमान अशी त्याची ख्याति झाली. विमानाची परीक्षा आतां निराळ्या रीतीनें होऊं लागली. एकूण इंधन किती जळलें हें न पाहतां, तें एका उतारूमागें एका मैलास किती पडलें हें पाहावयाचें. लहान विमान थोडें इंधन जाळतें, एवढ्यानें तें स्वस्त ठरत नाहीं. आणि अर्धें रिकामें गेलेलें मोठें विमानहि स्वस्त ठरत नाहीं.

१९४८ च्या जूनमध्यें एअर इंडिया इंटरनॅशनलनें मुंबई–लंडन मार्ग सुरू केला, तो कॉन्स्टेलेशन या चार पिस्टन इंजिनांच्या विमानांनीं. १९६० सालीं तिनें बोइंग ७०७ हें जेट विमान घेतलें. वेग पुष्कळच वाढला. परंतु पहिलीं जेट विमानें एका उतारूमागें अखेरच्या पिस्टन विमानांहून अधिक इंधन जाळीत. या अडचणीवर रोल्स-रॉइस कंपनीनें आपल्या कॉनवे इंजिनांत एक तोड काढली. आंत घेतलेल्या सगळ्या हवेंत इंधन न जाळतां, तिचा कांहीं भाग इंजिनाच्या भट्टीला वळसा घालून मागें सोडावयाचा. थोडी हवा फार वेगानें फेकण्यापेक्षां पुष्कळ हवा बेतानें ढकलली, तर तेवढ्याच रेट्यास इंधन कमी लागतें. एअर इंडियानें आपल्या बोइंगसाठीं हेंच इंजिन निवडलें. इटलीच्या अलितालिया कंपनीनेंहि आपल्या डीसी-८ विमानांसाठीं तेंच पत्करलें. त्या दशकाच्या मानानें दोघांचीहि निवड चोख होती.

अलितालियाचें असें एक डीसी-८ विमान ७ जुलै १९६२ रोजीं मध्यरात्रीनंतर बँकॉकहून मुंबईस येत होतें. सिडनीहून रोमला जाणारा तो प्रवास होता. दिवस ऐन पावसाळ्याचे. मुंबई अद्याप सुमारें ८४ किलोमीटर दूर असतां तें जुन्नरच्या डोंगरावर सुमारें ३,६०० फूट उंचीवर आदळलें. ८५ उतारू व ९ कर्मचारी, असे सर्व ९४ जण मृत्यु पावले. चौकशींत असा निष्कर्ष निघाला कीं, मार्गक्रमणांत चूक होऊन आपण मुंबईच्या जवळ आलों आहों अशी वैमानिकाची समजूत झाली, आणि त्यानें विमान वेळेपूर्वींच खालीं आणिलें. दिशादर्शनाचीं साधनें उपलब्ध असून वापरलीं गेलीं नाहींत, नेमलेली किमान सुरक्षित उंची पाळली गेली नाहीं, आणि त्या मार्गावरील मुलुखाची ओळख नव्हती, हींहि कारणें नोंदलीं गेलीं. पूर्वेकडून येणाऱ्यास घाटाचा कडा ओलांडल्याखेरीज कोंकणची सखल जमीन लाभत नाहीं. घाटमाथ्यावरील गुराख्यास लहानपणापासून ठाऊक असलेली ही गोष्ट त्या रात्रीं विमानांत कोणाच्या ध्यानीं आली नाहीं.

पुढें १९७३ सालीं तेलाचे भाव कडाडले आणि इंधनाचा हिशेब अधिकच कठोर झाला. कॉनवेमध्यें वळसा घालणारी हवा भट्टींतून जाणाऱ्या हवेच्या एक-तृतीयांशाहूनहि कमी होती. इंडियन एअरलाइन्सनें १९८९ मध्यें आणिलेल्या एअरबस ए-३२० च्या इंजिनांत ती सुमारें ५ पट झाली, आणि मार्च २०१६ मध्यें इंडिगोकडे आलेल्या ए-३२० निओच्या इंजिनांत सुमारें १२ पट. या अखेरच्या बदलानें सुमारें १५ टक्के इंधन वांचेल, अशी अपेक्षा धरली गेली.

वजन घटविणें हा बचतीचा राजमार्ग खरा. तरीहि दोन ओझीं विमानास वाहावींच लागतात. एक राखीव इंधनाचें. नेमल्या ठिकाणीं उतरतां आलें नाहीं, तर घिरट्या घालण्यास व दुसरा विमानतळ गांठण्यास तें हवें. आणि तें वाहून नेण्यासहि इंधनच जळतें. दुसरें, जमीन जवळ येतांच वैमानिकास सावध करणाऱ्या यंत्राचें. जुन्नरच्या अपघाताच्या वेळीं असें यंत्र प्रचारांत नव्हतें. १९७४ सालीं अमेरिकेनें मोठ्या उतारू विमानांस तें सक्तीचें केलें.

जाणता शेतकरी टंचाईच्या दिवसांतहि बियाण्याचें धान्य खात नाहीं. त्याचा काटकसरीपणा खरा ठरतो, तो तेथेंच. विमानांचीं दशकें बदललीं, इंजिनें बदललीं, प्रत्येक पिढींत इंधनाचे आंकडे खालीं आले. डोंगराची उंची मात्र त्या कोष्टकांत येत नाहीं. ती वेगळी मांडावी लागते, आणि आधीं मांडावी लागते.