पऱ्हाटीच्या मुळाशी

अटलांटिक महासागरावरील गुलामांच्या व्यापाराचा इतिहास आपल्याकडे बहुधा दूरदेशीची कथा म्हणून वाचला जातो. मोहगाव-सौंसरच्या काळ्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकवीत आलेल्या लोकांना मात्र तो इतका दूरचा मानता येणार नाही. त्या व्यापाराचा कापसाशी दुहेरी संबंध होता आणि त्याचा एक धागा थेट आपल्या पऱ्हाटीपर्यंत येतो.

सोळाव्या शतकाच्या प्रारंभापासून १८६६ पर्यंत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी स्त्री-पुरुष व मुले जहाजांत कोंबली गेली. त्यांपैकी सुमारे १ कोटी ७ लाख पैलतीरी जिवंत उतरली. उरलेली वाटेतच मेली. किनाऱ्यापर्यंतच्या पायपिटीत आणि माणसे पकडण्यासाठी झालेल्या लढायांत जे गेले, त्यांची गणना यात नाही. नेलेल्यांत सुमारे दोन-तृतीयांश पुरुष असल्याने अनेक प्रदेशांत शेती व संसार यांचा भार मागे राहिलेल्या स्त्रियांवर पडला. माणसांच्या बदल्यात बंदुका येत आणि त्याच बंदुकांनी आणखी माणसे पकडली जात. काही आफ्रिकी राजे व व्यापारी या व्यवहारात भागीदार होते, हेही नमूद केले पाहिजे. परंतु काँगोचा राजा अफोन्सो याने १५२६ मध्येच पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून आपली प्रजा पळविली जात असल्याची तक्रार केली होती. ती व्यर्थ ठरली.

आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसाची किंमत ज्या मालात चुकविली जाई, त्यात हिंदुस्थानी सुती कापड प्रमुख होते. गुजरात व चोळमंडल येथील ताग्यांचे पुढे काय होते, हे विणणाऱ्याला कळण्याचा मार्ग नव्हता. हा कापसाचा पहिला संबंध.

दुसरा संबंध अधिक जवळचा आहे. १७९३ मध्ये अमेरिकेत सरकी काढण्याचे नवे यंत्र निघाले आणि तेथील दक्षिणेत कापसाचे मळे झपाट्याने पसरले. १८०८ पासून गुलामांची आयात कायद्याने बंद झाली, तरी गुलामांची संततीही गुलामच ठरत असल्याने १८६० मध्ये त्यांची संख्या सुमारे ४० लाख होती. एके काळी गुलामांच्या जहाजांचे ब्रिटनमधील सर्वांत मोठे बंदर असलेले लिव्हरपूल आता त्यांच्याच श्रमाच्या कापसाने भरू लागले. त्या कापसाचे गिरणीत विणलेले कापड इकडे आले आणि आपल्या विणकरांचे माग थंडावले.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाड, हिंगणघाट व नागपूर भागातील कापसाला अभूतपूर्व भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपले, गुलामगिरी घटनेने रद्द झाली आणि भाव कोसळले. नागपूरला रेल्वे १८६७ मध्ये पोहोचली, ती तेजी ओसरल्यावर. चढत्या भावात काढलेले कर्ज मात्र शेतकऱ्याच्या डोक्यावर राहिले.

येथे एक विवेक ठेवला पाहिजे. सावकाराच्या वहीत अडकलेला शेतकरी आणि लिलावात उभी केलेली आई यांचे दुःख एका मापाने मोजता येत नाही. शेतकऱ्याचे शेत जाई. तिचे मूलच विकले जाई. तथापि भेद मान्य करूनही नाते ओळखता येते. महात्मा जोतीराव फुले यांनी ते ओळखले. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेला आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा, ही त्यांची अपेक्षा होती.

ब्रिटनने १८३३ च्या कायद्यान्वये आपल्या वसाहतींतील गुलामांच्या मालकांना २ कोटी पौंडांची भरपाई दिली. गुलामांना काहीही मिळाले नाही. स्वतः गुलामी भोगलेल्या ओलाउदा इक्वियानोने मात्र १७८९ मध्ये आत्मचरित्र लिहून आपला हिशेब जगापुढे ठेवला होता. आपल्या ग्रंथालयाने शंभर वर्षे पुस्तके जतन केली, त्यांचे मोलही असेच आहे. जहाजाच्या नोंदवहीत जो केवळ एक आकडा होता, तो पुस्तकात आपल्या नावाने बोलतो आणि सातपुड्याच्या पायथ्याचा वाचक त्याचे ऐकू शकतो.