रिकाम्या रकान्याची कुळकथा

दिघीहून राजपुरी खाडी ओलांडून आगरदांड्याला जाणाऱ्या जंगलजेट्टीत कोणी कार घेऊन चढतो, कोणी दुचाकी, कोणी नुसती पिशवी. समजा, या फेरीच्या तिकिटांसाठी कोणी अँड्रॉइड ॲप लिहिलं. पहिल्या स्क्रीनवर नाव, प्रवासी किती आणि गाडीचा नंबर, दुसऱ्यावर तिकीट. पायी आलेल्याच्या गाडीचा नंबर म्हणून पुढच्या स्क्रीनला काय पाठवायचं? शून्य? कोरी ओळ? की काहीच नाही? या ‘काहीच नाही’ला प्रोग्रामर ‘नल’ म्हणतात.

त्याचा जन्म १९६५चा. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होर तेव्हा निक्लाउस विर्थ यांच्यासोबत ‘अल्गोल डब्ल्यू’ ही भाषा घडवत होते. प्रत्येक संदर्भ कंपायलरने (प्रोग्राम चालण्याआधी तो तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामने) तपासावा, चुकीला जागाच राहू नये, हा होर यांचा हेतू. पण नल बसवणं इतकं सोपं होतं की मोह आवरला नाही. २००९मध्ये लंडनच्या एका परिषदेत त्यांनी स्वतःच ही ‘अब्ज डॉलरची चूक’ म्हणून सांगितली.

दोष ‘नाही’ म्हणण्यात नव्हता, न सांगता ‘नाही’ असण्यात होता. सरकारी कचेरीतला मुरलेला कारकून रकाना कोरा सोडत नाही; ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असं लिहितो. त्यामुळे माहिती नाही हे कळतं आणि ती भरायची राहिलेली नाही हेही कळतं. १९९५च्या जावा भाषेत ही सोय नव्हती. कागदोपत्री ‘स्ट्रिंग’ म्हणजे अक्षरी मूल्य असलेल्या जागी नल निघू शकत होता आणि त्याला हात लावताच प्रोग्राम कोसळत होता.

२००८मध्ये अँड्रॉइड आलं ते याच जावावर. एका स्क्रीनने दुसऱ्याला माहिती द्यायची ती ‘इन्टेंट’मधून: किल्लीचं नाव आणि तिच्याखाली मूल्य. किल्लीच्या नावात एक अक्षर चुकलं की अक्षरी मूल्य मागणाऱ्याच्या हाती नल येतो. पूर्णांक मागताना मात्र पर्यायी आकडा आधीच द्यावा लागतो. तिथे सवयीने शून्य लिहिलं असेल, तर ॲप कोसळत नाही. निमूटपणे शून्य प्रवाशांचं तिकीट काढतं. कोसळणं परवडलं, कारण ते निदान लक्षात तरी येतं.

यावर उपाय इतर भाषांत सापडला. २००५मध्ये सी शार्पच्या दुसऱ्या आवृत्तीत आकड्याच्या प्रकारापुढे प्रश्नचिन्ह आलं: ‘इंट?’, म्हणजे आकडा असेल किंवा नसेल. जेटब्रेन्सने २०११मध्ये जाहीर केलेल्या कॉटलिनने हे चिन्ह सगळ्याच प्रकारांना लावलं. ‘स्ट्रिंग’मध्ये नल चालत नाही, ‘स्ट्रिंग?’मध्ये चालतो, आणि प्रश्नचिन्ह असेल तर ‘नसेल तर काय’ याचं उत्तर दिल्याशिवाय कंपायलर पुढे जाऊ देत नाही. २०१७मध्ये गूगलने कॉटलिनला अँड्रॉइडची अधिकृत भाषा म्हणून मान्यता दिली.

तरी स्क्रीनचा उंबरठा अडून बसला. पाठवणाऱ्याने नंबर नक्की टाकला असला, तरी इन्टेंटमधून तो बाहेर येताना प्रश्नचिन्ह घेऊनच येतो. घाईतला प्रोग्रामर मग ‘!!’, म्हणजे ‘इथे नल नाहीच’, असं लिहून कंपायलरला गप्प करतो आणि १९६५चा धोका परत ओढवून घेतो. पुढे कंपोझ या अँड्रॉइडच्या स्क्रीन रचण्याच्या साधनात स्क्रीनचा पत्ता वेब पत्त्यासारखा अक्षरांत लिहायची पद्धत आली. अशा ओळीत नल ओवला की त्याची चार इंग्रजी अक्षरं होतात. अभाव जाऊन शब्द उरतो. कॅलिफोर्नियातल्या एका संगणक-सुरक्षा संशोधकाने आपल्या गाडीला हीच चार अक्षरं नंबर म्हणून घेतली होती. नंबर न नोंदवलेल्या परक्या गाड्यांचे दंड त्याच्या नावावर जमत गेले. १२ हजार डॉलरांच्या वर.

कंपोझच्या आधीच, २०१८मध्ये आलेल्या ‘सेफ आर्ग्ज’ या अँड्रॉइडच्या साधनाने स्क्रीनला काय हवं आणि त्यातलं काय नसलं तरी चालेल, हे आधीच जाहीर करायला लावलं. पण पूर्णांकाला तिथेही नल होता आलं नाही, कारण जावाच्या साध्या ‘इंट’मध्ये अभावाला जागाच नाही. लोक उणे एक पाठवून वेळ भागवत राहिले. २०२४पासून अँड्रॉइडच्या नॅव्हिगेशन लायब्ररीत स्क्रीनचा पत्ता म्हणून थेट कॉटलिनचा क्लास देता येतो. त्यात ‘गाडी: स्ट्रिंग? = नल’ असं लिहिलं की पायी प्रवाशाची नोंद दोन्ही स्क्रीनना एकाच अर्थाने वाचता येते.

आणि ज्या जावामुळे हा सगळा खटाटोप झाला, तिच्यातही प्रकारापुढे प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्ह लावू द्यावं, असा मसुदा आता मांडला गेला आहे.