चाकांवरची इमारत आणि पूरविमा

अमेरिकेत पूरक्षेत्रातली इमारत तारण ठेवून बँकेचे कर्ज काढायचे, तर पूरविमा उतरवावाच लागतो. गाडीमागे ओढून दुसरीकडे नेता येणाऱ्या ‘मोबाइल होम’लाही हा नियम लागू आहे. कर्ज राहण्यासाठी काढले की धंद्यासाठी, याने फरक पडत नाही. तारण काय आहे, एवढेच पाहिले जाते.

मिसिसिपी नदीच्या १९२७च्या महापुरानंतर तिथल्या खासगी विमा कंपन्यांनी पूरविम्यातून अंग काढून घेतले. पुराचा विमा घेतात ते सखल भागातलेच लोक, आणि पूर आला की त्या सगळ्यांचे दावे एकदमच येतात. हा धंदा परवडणारा नव्हता. १९५६ साली सरकारने पूरविम्याचा कायदा केला, पण त्यासाठी पैसाच मंजूर झाला नाही. सप्टेंबर १९६५मध्ये बेट्सी चक्रीवादळाने लुइझियाना झोडपून काढले आणि विषय पुन्हा ऐरणीवर आला. १९६८च्या कायद्याने राष्ट्रीय पूरविमा कार्यक्रम सुरू झाला. सरकारने विमा द्यायचा आणि त्या बदल्यात स्थानिक संस्थांनी पूरक्षेत्रातल्या बांधकामांना शिस्त लावायची, असा हा सौदा होता.

विमा ऐच्छिक असल्याने फार थोड्यांनी तो घेतला. जून १९७२मध्ये साउथ डकोटातल्या रॅपिड सिटीत एका रात्रीच्या पुराने २३८ बळी घेतले. त्याच महिन्यात अ‍ॅग्नेस चक्रीवादळाने पेनसिल्व्हेनियाची दैना केली. दोन्हीकडे विमा उतरवलेली घरे नगण्य निघाली आणि मदतीचा भार सरकारी तिजोरीवर पडला. ३१ डिसेंबर १९७३ रोजी नवा कायदा झाला. त्याने कर्जाची वाटच अडवली: पूरक्षेत्रातल्या तारणावर विमा नसेल, तर बँकेने कर्ज देऊच नये. या कायद्याने स्थावर मालमत्तेच्या जोडीला ‘मोबाइल होम’चा स्पष्ट उल्लेख केला.

हा उल्लेख महत्त्वाचा होता. असे घर कारखान्यात पोलादी सांगाड्यावर बांधले जाते आणि चाकांवर बसवून जागेवर आणले जाते. वजनाला हलके असल्यामुळे पाणी चढले की ते तरंगू लागते आणि शेजारच्या घरांवर जाऊन आदळते. म्हणून पूरक्षेत्रात ते जखडून ठेवावे लागते. सांगाड्याला किंवा छपरावरून पोलादी पट्टे घालून ते जमिनीत खोल रोवलेल्या खुंट्यांना ताणून बांधतात. विमाही कायमच्या पायावर पक्के केलेल्या घरालाच मिळतो. चाके काढून पायावर बसवलेला ट्रेलरही त्यात येतो, मात्र सहलीची चालती गाडी येत नाही. हलती वस्तू इमारत केव्हा होते, याचे उत्तर कायद्याने असे पायात शोधले.

१९९३च्या मिसिसिपी पुराने अंमलबजावणीतल्या त्रुटी उघड्या पाडल्या. १९९४च्या सुधारणेने पूरक्षेत्र ठरवण्याचा एकच प्रमाणित नमुना आणला. कर्जाच्या कागदपत्रांत बँकेला तो भरावाच लागतो. विमा नसल्याचे आढळले तर बँक कर्जदाराला कळवते, आणि ४५ दिवसांत त्याने विमा घेतला नाही तर स्वतः घेऊन खर्च त्याच्या माथी मारते. बँकेपेक्षा कर्जदाराचेच यात अधिक भले आहे, कारण घर वाहून गेले तरी हप्ते थांबत नाहीत.

विम्याची किमान रक्कम तीन आकड्यांतला सर्वांत लहान आकडा असते: थकीत मुद्दल, इमारतीचे विमायोग्य मूल्य आणि कार्यक्रमाची कमाल मर्यादा. ही मर्यादा एका कुटुंबाच्या घरासाठी २,५०,००० डॉलर आणि व्यावसायिक इमारतीसाठी ५,००,००० डॉलर आहे. इमारतीबरोबर आतला मालही तारण असेल, तर त्याचाही विमा लागतो.

२०१२ साली नियम मोडणाऱ्या बँकांचा दंड वाढला. २०१४ साली निवासी आवारातल्या, कोणी राहत नसलेल्या स्वतंत्र टपऱ्या-गोदामांना सूट मिळाली. २०१९पासून ठरावीक अटी पाळणारे खासगी विमापत्र स्वीकारणे बँकांना बंधनकारक झाले. मूळ तत्त्व मात्र १९७३चेच राहिले. ज्या जमिनीला पुराचा धोका आहे, तिच्यावर उभी असलेली वस्तू चाकांवरून आलेली असली, तरी तिचे नुकसान भरून काढण्याची तजवीज कर्जाआधीच व्हायला हवी.