सत्य सांगावे, पण कसे? : कर्करोगाचे निदान आणि डॉक्टर

ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागण्यात आला, तेव्हा कापड व्यापाराविषयी लिहावे असे प्रथम वाटले. परंतु चाळीस वर्षे मनात राहिलेली एक गोष्ट या निमित्ताने समाजबांधवांपुढे ठेवीत आहे.

1984 साली माझ्या वडिलांना अन्ननलिकेचा कर्करोग झाला. वागळे इस्टेटमधील दुकान बंद करून मी इस्पितळात धावलो. डॉक्टरांनी आम्हा भावांना व्हरांड्यात नेऊन दोन मिनिटांत निदान सांगितले आणि “पेशंटला कळू देऊ नका” अशी ताकीद दिली. आम्ही वडिलांना अल्सर असल्याचे सांगितले. अखेरच्या आठवड्यात ते एवढेच म्हणाले, “आधी सांगितले असते, तर देणीघेणी मिटवली असती, सर्वांशी क्षमापना केली असती.” आमच्याजवळ उत्तर नव्हते.

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. ती वैद्यकाची जुनी रीतच होती. रुग्णापासून त्याचे भवितव्य झाकून ठेवावे, असा सल्ला प्राचीन ग्रीक वैद्यकातही आढळतो. 1961 साली अमेरिकेतील शिकागो येथे 219 डॉक्टरांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे 90 टक्के डॉक्टर कर्करोगाचे निदान रुग्णाला न सांगण्याच्या मताचे होते. 1979 च्या तशाच पाहणीत 97 टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. अवघ्या अठरा वर्षांत पारडे फिरले. उपचार सुधारले होते आणि रुग्णाच्या हक्कांचा विचारही रुजला होता.

आपल्याकडील इतिहास परळपासून सुरू होतो. लेडी मेहेरबाई टाटा 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पुढे टाटा न्यासाच्या दानातून 28 फेब्रुवारी 1941 रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. 1962 पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. ठाण्याहून लोकलने तेथे जाणाऱ्या कुटुंबांची मोठी अडचण अशी, की रुग्णालयाचे नावच निदान सांगून टाकी! म्हणून घरात रुग्णासमोर ‘टाटा’ हा शब्दही कोणी उच्चारीत नसे. 1971 च्या ‘आनंद’ चित्रपटात मात्र आपला आजार पुरता ठाऊक असलेला रुग्णच इतरांना धीर देताना दिसला. 1986 साली वांद्रे येथे ‘शांती आवेदना सदन’ सुरू झाले. बरे न होणाऱ्या कर्करुग्णांची अखेरपर्यंत शुश्रूषा करणारी ही देशातील पहिली संस्था.

सत्य सांगण्याचीही रीत असते, हे डॉक्टर नंतर शिकले. 2000 साली अमेरिका व कॅनडातील तज्ज्ञांनी सहा पायऱ्यांची एक पद्धत मांडली. प्रथम एकांतात, निवांत बसावे. रुग्णाला काय ठाऊक आहे ते विचारावे. त्याला किती जाणून घ्यायचे आहे हेही विचारावे. मग सोप्या शब्दांत, थोडे थोडे सांगावे. त्याच्या भावनांना वाव द्यावा. शेवटी पुढील उपचारांची दिशा ठरवावी. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांतही आजाराचे गांभीर्य वाढवून वा कमी करून सांगू नये, असे म्हटले आहे. तथापि त्यात रुग्णाबरोबर नातेवाईकांचाही उल्लेख असल्याने व्हरांड्यातील कुजबुज संपलेली नाही. 2019 पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात रुग्णाशी संवादाचे शिक्षण समाविष्ट झाले, ही समाधानाची बाब होय.

परंतु सारा भार डॉक्टरांवर टाकणे न्याय्य नाही. “त्यांना सांगू नका” ही विनंती बहुधा आपणच करतो. ती प्रेमापोटी असते, हे खरे. पण त्यामुळे रुग्ण आपल्याच घरात एकाकी पडतो. सत्य आणि अहिंसा ही दोन्ही व्रते आपण मानतो. कठोरपणे फेकलेले सत्य हिंसा ठरते. त्याचप्रमाणे मायेने बोललेले असत्यही माणसाचा शेवटचा अवसर हिरावून घेते. काही रुग्णांना जाणून घ्यायचे नसते, त्यांच्या इच्छेचाही मान राखावा. मात्र तो निर्णय त्यांचा असावा.

आपल्या घरी असा प्रसंग न येवो. आलाच, तर रुग्णाच्या वतीने ठरविण्यापूर्वी त्याच्याजवळ बसून विचारावे, “तुम्हाला किती जाणून घ्यायचे आहे?” माझ्या वडिलांना हा प्रश्न कोणीही विचारला नाही. मीही नाही.